जोडीची झबली

दारात

"पाळणा आत जात नाहीये," सुतार म्हणाला. "आडवा करून बघू का?"

"आडवा करा, उभा करा, पण आत आणा," कापडाच्या टेबलामागून आई म्हणाली. "दोन-दोन बाळांना काय जिन्यात झोपवायचंय?"

मुलगी एक बाजू धरायला पुढे झाली. सुताराने तिचा सैल गाऊन पाहिला, रडून लाल झालेलं नाक पाहिलं आणि हात आडवा घातला.

"ताई, तुम्ही लांब व्हा. या दिवसांत उचलायचं नसतं."

मुलगी लाजली आणि गुपचूप बाजूला झाली. आईने दोन टाचण्या ओठांत धरल्या नि हसू दाबलं.

सुतार गेल्यावर मात्र आई म्हणाली, "उचलायचं नसतं म्हणे महाराणींना!"

"ऐकलंस ना? मग आता पाळणा तूच सरकव," मुलगी चिडवत म्हणाली.

"जावईबापूंना येऊ दे. माझी कंबर कामातून गेलीय."

टेबलाशी

कापड दुमडायचं आणि एका कात्रीत दोन भाग कापायचे, ही आईची जन्मभराची पद्धत. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हाताखालून गेलेले. या झबल्यांसाठी मात्र तिने कापड दुमडलं नाही. एकेक झबलं वेगळं आखलं, वेगळं कापलं.

"दुप्पट वेळ लागेल गं," मुलगी म्हणाली.

"लागू दे. दोघं दोन माणसं आहेत. एका घडीतून कशाला काढू?"

शिवण हातानेच चालली होती. पायांना सूज, म्हणून डॉक्टरांनी पायमशीन बंद केलेलं. मीठही बंद. मिठाची बरणी मुलीने सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती. त्या बरणीकडे बघून आई उसासा टाकायची.

"या वयात माझ्यावर पहारा! पोटची पोर नाही, जेलर आहेस."

याआधी तीनदा या घरात बाळाची तयारी झाली होती. तीनदा मुलीने इवलाले कपडे घडी करून कुणाकुणाला देऊन टाकले होते. तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने घरी आली तेव्हा तिने आईला बजावलं, आता माझ्या घरात एक टाकासुद्धा घालायचा नाही.

आई आठवड्याने पिशवी घेऊन राहायलाच आली. पिशवी खाली ठेवून म्हणाली,

"या वेळी जबाबदारी माझी."

खाटेवर

दुपारी दोघी आडव्या पडायच्या. डाव्या कुशीवर, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. मुलीचा हात पोटावर.

"हललं."

"वरचं ते. खालचं शहाणं आहे."

"वरचं कुणावर गेलंय?"

"आणखी कुणावर जाणार? तू अशीच लाथाळ होतीस. अठरा वर्षांची होते मी. वाटायचं, ही बाहेर येऊन मला धरून मारणार."

"आई, मला जमेल ना?"

"काय?"

"आई होणं."

"कुणाला येत असतं आधी? रडलं की घ्यायचं, भुकेजलं की द्यायचं. बाकीचं सुचत जातं."

"आणि याही वेळी जर..."

"गप. त्या दोघांना ऐकू जातं."

स्वयंपाकघरात

रोज संध्याकाळी जावई दोन पेले दूध गरम करायचा. एक बायकोला, एक सासूला. बायको आपलं संपवून सासूच्या पेल्याकडे बघायची. तिचे गाल वर आले होते. गाऊनशिवाय काही अंगात शिरत नव्हतं. घाबरली की ती खायची, आणि सध्या ती उठल्यापासून झोपेपर्यंत घाबरलेलीच असायची.

"जावईबापू," सासू नाक दाबून पेला तोंडाला लावायची, "दुभत्या म्हशीलासुद्धा मधेमधे सुट्टी देतात हो."

पुन्हा टेबलाशी

मुलगी शेवटच्या झबल्याला बंद लावत होती. आईने एकदम टेबलाची कड पकडली आणि खाली पाहिलं. फरशी ओली झाली होती.

"टॅक्सी बोलाव," आई म्हणाली. "वेळ झाली."

मुलीच्या हातातली सुई गळून पडली. "एवढ्यात? अजून तीन आठवडे आहेत!"

"त्यांना कॅलेंडर वाचता येतं का? जावयाला हाक मार आधी."

जिना

एक रडत होती, एक धापा टाकत होती. मधे जावई, दोघींना दोन दंडांशी धरून. दर वळणावर आई थांबायची.

टॅक्सीत आईने मुलीचा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली.

"श्वास घे," आई म्हणाली. "हळू. सोड. परत घे. रडायचं नाही, वेडे. सगळं नीट होणार आहे."

ड्रायव्हरने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी दामटली.

पुन्हा दारात

दवाखान्यात मुलगी आधी शिरली. दाराला टेकून उभी राहिली.

"जुळं... माझं जुळं..."

नर्सने चाकांची खुर्ची पुढे ओढली आणि तिला खांद्यांना धरून खाली बसवलं. "बसा, बसा. पहिली वेळ ना? होतं असं."

मागून जावयाच्या खांद्यावर भार टाकत आई आत आली.

"तुम्ही बाहेर थांबा हं, आजी," नर्स मान वर न करताच म्हणाली.

"मी बाहेर थांबून कसं चालेल?" आईने एका हाताने पोट सावरलं, दुसऱ्या हाताने मुलीला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः तीत बसली. "बाळंत मी होतेय, बाई. ही नुसती आई होणार आहे."