मिक्सर जमा

घरोघरी भिंतीवर सरकारी कान बसवलेला होता, म्हणून त्या इमारतीत मनातलं बोलायचं तर मिक्सर सुरू करूनच. वैजयंतीही रोज चटणी वाटताना नवऱ्याच्या कानाशी लागायची. आधी लाडाचं बोलायची, मग सरकारविरोधी पत्रकं कुठे लपवलीत ते सांगायची.

एक दिवस नवऱ्याला चौकीत बोलावलं. तिथे त्याला कुणी हातही लावला नाही. नुसतं विचारलं, "इतकी चटणी खातं कोण हो तुमच्याकडे?" आणि तो घडाघडा सगळं बोलून गेला. त्याच दुपारी तिला उचललं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मिक्सर जप्त करायला ट्रक आला. रांगेत शेजारच्या काळसेकर आजी त्याला म्हणाल्या, "आता ह्यांच्याशी मी बोलू कशी रे? कुठल्या मेल्याने चहाडी केली असेल?"

त्याने मान खाली घातली. हातातल्या भांड्याला वैजयंतीने वाटलेली चटणी अजून चिकटलेली होती.

त्याची पाळी आली तसा अधिकारी यादी बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा राहू द्या साहेब. तुम्हाला सूट आहे."

मिक्सर उराशी धरून तो मागे वळला. आजींनी पदर आवरून त्याला वाट करून दिली.