इंजिन तापवायला

नजर अधू झाल्यापासून मर्व्हच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या हाती आलं होतं. रविवारी सकाळी तिनं बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी उपसली.

"अरे, डांबर झालंय याचं! बदलायलाच हवं."

"पण थंड ऑइल नीट निथळत नाही. आधी इंजिन तापवावं लागेल," गाडीत बसलेला मर्व्ह म्हणाला.

"मग गल्लीत मारू एक चक्कर."

"छे! निदान लॉर्नच्या समुद्रापर्यंत तरी."

"तुझं नेहमीचंच!" असं म्हणत तिनं आधीच भरून ठेवलेला थर्मास त्याच्या मांडीवर आदळला.

गाडीनं वेग घेतला आणि मर्व्हला हसू आवरेना. कालच, ती क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायला गेली असताना, त्यानं चाचपडत चाचपडत थंड इंजिनातलं सगळं ऑइल बदलून नवंकोरं भरलं होतं. पट्टीवर डांबर दिसणं शक्यच नव्हतं.