आईकडून आलेलं

मोहिनीला नवव्या महिन्यात कोरोना झाला. वीस दिवस ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. तिथंच बाळंत झाली आणि लेकीला एकदाही कुशीत न घेता गेली.

पोर तीन महिन्यांची झाली, तेव्हा चौसाळ्यात तान्ह्या बाळांचं रक्त तपासणारं पथक आलं. अहवाल आल्यावर सिस्टर सोमनाथला म्हणाली, "तुमच्या मुलीच्या रक्तात कोरोनाशी लढणाऱ्या अँटिबॉडीज आहेत."

"म्हंजी हिलाबी झालता?"

"नाही हो. पोटात असतानाच आईनं दिल्यात."

सोमनाथ कितीतरी वेळ लेकीच्या अंगावरून हात फिरवत राहिला. "म्हंजी मोहिनीचं कायतरी हाय हिच्यात," तो म्हणाला.

सहा महिन्यांनी पथक पुन्हा आलं. या खेपेला सिस्टर हसतच म्हणाली, "रिपोर्ट छान आहे. बाळाला लागण झालेली नाही. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज तेवढ्या संपल्या."

"समद्या?"

"हो. सगळ्याच बाळांच्या संपतात."

सोमनाथनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"मॅडम, हिला आईचं दूध न्हाई मिळालं. मी शेळीचं पाजलं. म्हून गेल्या का?"