पोकळ की भरीव

कोळशाच्या खाणीत छत कोसळलं आणि लटारू बोलणाऱ्या खोदयंत्रासोबत आत अडकला. भिंतीपलीकडचं दाखवणारं यंत्राचं रडार फुटलं होतं. बॅटरीत एकच भिंत फोडण्याइतकी ताकद उरली होती. डावी फोडायची की उजवी?

भिंत ठोकून पलीकडची पोकळी ओळखणं लटारूला येत असे, पण आता त्याला बारीक आवाज ऐकूच येत नसत.

"मी ठोकतो, तू आइक बे."

यंत्र मोठ्याने म्हणालं, "काका, पोकळ आवाज कसा असतो? मला कोणी शिकवलंच नाही."

लटारूने जेवणाच्या रिकाम्या डब्यावर टिचकी मारली. "असा." मग त्यात कोळशाचा चुरा दाबून भरला आणि पुन्हा मारली. "अन् हा भरीव."

त्याने डावी भिंत ठोकली.

"भरीव."

उजवी ठोकली. यंत्र गप्पच.

"मेला का बे?"

"थांबा, काका. पलीकडून कोणीतरी ठोकतंय."