मुरूडची सहल

दिवाळीच्या सुट्टीत काय केलं, ते निहिरा जेवता जेवता आजीला सांगत होती.

"आम्ही एसटीने मुरूडला गेलो. घाटात मला उलटी झाली. मग पणजीने लिंबाचं लोणचं चाटवलं."

"अगंबाई! मग?" प्राजक्ताआजींचा घास हातातच राहिला.

अर्णव खाली मान घालून आमटीभात कालवत बसला. दिवाळीत त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून त्याने लेकीच्या डोक्यात सहल भरून घेतली होती. विकतच्या सहलींना प्लॅस्टिकचा वास येतो, असं सगळेच म्हणत. घरच्या सहली फक्त आईकडे होत्या. विज्ञान कितीही पुढे गेलं तरी आठवणीची झेरॉक्स अजून निघत नव्हती. एका डोक्यातून उचलायची आणि दुसऱ्यात ठेवायची. "एखादी घे हो, मला कुठे मिरवायच्यात," आई म्हणाली होती. सेट कशाला मोडायचा, म्हणून अर्णवने तिच्या लहानपणापासून स्वतःच्या लहानपणापर्यंतच्या सगळ्या घेतल्या. सहलींना चिकटून आईचं ते बोलणंही निघून आलं होतं; आता तिला तेही आठवत नव्हतं.

"किनाऱ्यावर बाबा हरवला," निहिरा म्हणाली. "एवढासा होता. मी रडत रडत शोधलं, तर हा शहाळेवाल्याच्या मांडीवर!"

आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"मजा केलीत बाई. मी काही समुद्र पाहिलाच नाही कधी." मग मुलाकडे वळून त्यांनी जरा संकोचतच विचारलं, "तिथे माझी आठवण काढलीत का रे?"

अर्णवने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काढली, आई," तो म्हणाला. "सगळीच."