राखीच्या भावाचं तेल

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. गंगाखेडच्या बाजारात शेव-चिवड्याचं एक लहान दुकान आहे. कढईखालचा जाळ विझवलाय. परात ताज्या शेवेनं भरलीय, पण तिला हात लावायचा नाही, असं अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं बजावलंय. दुकान रेणुकाचं. तिची मुलगी राजनंदिनी, पाचवीतली, परातीपाशी उभी आहे. तुम्हीही तिथेच उभे राहा.

अधिकाऱ्यानं तेलाच्या डब्यावरचं पांढरं लेबल नखानं सोललं. खाली दुसरं निघालं, परदेशातलं, इंग्रजी. त्यानं ते सगळ्यांना मराठीत सांगितलं.

“साबण कारखान्यासाठी. खाण्यास अयोग्य.”

रेणुकानं भिंतीला हात टेकला. सकाळपासून अर्ध्या बाजारानं तिची शेव खाल्ली होती.

“डबा कुणाकडून घेतला?”

रेणुकानं बोट दाखवलं. समोरच्या गोदामाचे मालक दत्तराव गर्दीतच उभे होते.

“बिल?”

“राखी बांधते मी त्यांना, साहेब. भावाला बिल कसं मागावं?”

दत्तराव हसले. “राखी बांधती म्हणून गळ्यात पडायलीस का, रेणुका? साहेब, म्या हिला एक डबाबी दिला न्हाई. कुठून सस्तं आणलं ते हिलाच इचारा.”

“दिवाळीला मागितलं होतं बिल,” रेणुका म्हणाली. “तवा काय म्हणलात, भाऊ? भावावर भरोसा न्हाई का, म्हणलात. माझ्या लेकरानं रोज शाळेत नेलीय ही शेव. मामाचं तेल म्हणून.”

“लेकराला कशाला मधी आणायलीस?”

“आणलं तुमी. मी न्हाई.”

अधिकारी लिहीत होता. “बिल नसेल तर नाव तुमचंच पडेल, बाई. दुकान आजपासून बंद. गोदाम उद्या बघतो.”

“उद्या तिथं झाडू मारलेला दिसल तुमाला,” रेणुका म्हणाली.

तो लिहीतच राहिला. दत्तरावांनी खिशातून फोन काढला आणि पाठ वळवून दबक्या आवाजात दोनच शब्द बोलले. थोड्या वेळानं गोदामाच्या बोळात एक टेम्पो शिरला. राजनंदिनीनं तो पाहिला.

ती रस्ता ओलांडून बोळात गेली. हमाल मागच्या दारानं तेलाचे डबे टेम्पोत चढवत होते. मालकाची भाची म्हणून तिला कुणी हटकलं नाही. ड्रायव्हर मागं दोर आवळत होता. ती पुढच्या दाराशी गेली, पायरीवर चढली, आत वाकली.

परत आली तेव्हा अधिकारी कागदावर सही करायच्या बेतात होता. तिनं टेम्पोची चावी त्याच्या कागदावर ठेवली.

“आता सावकाश लिवा, साहेब.”