बाहेरून कडी

“आतून नाही हो, बाहेरून,” मुलीचे वडील म्हणाले. “कडी बाहेरून बसवायची आहे.”

सुताराने पेन्सिल दारावरून उचलली. आतल्या बाजूला खूण त्याने करूनही टाकली होती. झोपायच्या खोलीचं दार. इतक्या वर्षांत दुसरं काही कोणी सांगितलं नव्हतं. खोलीत टेबलाशी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही.

“परीक्षेला दोन महिने राहिलेत आणि हिचं एका जागी बूड टेकत नाही. आतापर्यंत हँडलला दोरी बांधत होतो, पण दोरीचं काही खरं नाही. परीक्षा झाली की कडी काढून टाकू.”

सुताराने आतली खूण अंगठ्याने पुसली. सत्तावीस वर्षांत त्याने शेकडो कड्या बसवल्या होत्या. बसवलेली कडी काढून द्या म्हणून त्याला एकदाही कोणी बोलावलं नव्हतं.

“अहो, मध्येच बाथरूमला जायचं झालं तर?” स्वयंपाकघरातून मुलीच्या आईने विचारलं. हा प्रश्न तिने आधीही विचारलेला असावा. उत्तराची वाट न बघता तिने नळ सोडला.

“दार वाजवेल की! आपण काय परगावी जाणार आहोत?” मग ते सुताराकडे वळले. “मलाही माझ्या वडिलांनी असंच कोंडून अभ्यासाला बसवलं होतं, चांगलं वर्षभर. काय वाईट झालं माझं?” बोलता बोलता ते अंगठ्याचं नख कुरतडत होते. बाकीच्या बोटांना कुरतडण्यासारखं काही उरलं नव्हतं. “तुमच्या घरी तर एकापेक्षा एक भक्कम कड्या असतील.”

“एकही नाही, साहेब.”

“घ्या! दिव्याखाली अंधार.”

खरंच नव्हती. सुताराच्या घरात बाथरूमलाही कडी नव्हती. आत जो असेल त्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरचा दार ढकलणार नाही, असा घरचा नियम होता. बायको सुरात म्हणायची, मुलगा शिट्टी वाजवायचा. त्याला स्वतःला एकच गाणं येत होतं, तेही अर्धं. “आमच्याकडे राहायला या, पण रियाज करून या,” असं बायको पाहुण्यांना सांगायची. कड्या का नकोत, हे तिने लग्नानंतर एकदाच विचारलं होतं.

कडीबरोबर पुडीत सव्वा इंची स्क्रू आले होते. वडिलांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गॅलरीत गेले. सुताराने ती पुडी खिशात टाकली आणि आपल्या पेटीतून अर्ध्या इंचाचे स्क्रू काढले. भोकंही त्याने जरा सैलच पाडली. बसवल्यावर वरून काही कळत नाही. शेवटचा स्क्रू पिळताना त्याने वर पाहिलं. मुलगी आता वळली होती आणि त्याच्या हातांकडे बघत होती.

फोन संपवून आलेल्या वडिलांनी कडी दोनदा पुढे-मागे सरकवून पाहिली. “झकास. आता तुम्ही आत व्हा. मी लावतो, तुम्ही ओढून बघा.”

“पक्की आहे, साहेब.”

“बघायला नको? दोन मिनिटांचं काम आहे.”

सुतार आत गेला. दार लागलं. कडी सरकली.

“ओढा!”

त्याने हँडल धरून दार खडखडवलं. “पक्की आहे. उघडा.”

बाहेर पुन्हा फोन वाजला. “एक मिनिट हं, मिस्त्री,” वडील म्हणाले आणि त्यांची पावलं लांब गेली.

सुतार दारासमोर उभा राहिला. आधी तळहात ओले झाले, मग मान. एक हिसका दिला की कडी उपटून येईल, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि पाय रोवले.

“काका, नको,” मुलगी हळूच म्हणाली. “निघाली तर ते मोठे स्क्रू लावतील.”

त्याने हात सोडले. मग दातांमागून ते अर्धं गाणं सुरू झालं, एकाच सुरात, पुन्हा पुन्हा तीच ओळ.

“गाऊ नका. आवाज ऐकला की ते वेळ वाढवतात.” तिचं बोलणं एखाद्या नव्या कामगाराला मशीन समजावून सांगावं तसं होतं. “दाराकडे बघायचंच नाही. खिडकीचे गज मोजा. संपले की उलटे मोजा.”

त्याने मोजले. नऊ होते. उलटे मोजले, तरी नऊ. तिसऱ्यांदा मोजताना त्याला बोलता आलं.

“दोन्ही हातांनी ओढलंस की निघेल. आग लागली, काही झालं, तर.”

“काही नाही झालं तर?”

तो पुन्हा गजांकडे वळला.

बाहेर पावलं जवळ आली. कडी सरकल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मुलगी ताठ झाली. पुस्तक उघडं, पेन हातात, मान खाली.

दार उघडलं. सेहेचाळीस वर्षांचा सुतार भिंतीला पाठ लावून उभा होता. पाय जुळवलेले, दोन्ही हात पाठीमागे, नजर फरशीवर.

“अहो, असे काय उभे?” वडील हसत म्हणाले. “या की बाहेर.”

तेव्हा कुठे त्याचा पाय उचलला.